अंगणवाडी : एका शब्दामागचा इतिहास

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणीतरी घडविला असेल असे मनातही येत नाही. सरकारी फलकावर तो दिसतो आणि सरकारी शब्द म्हणूनच आपण तो वाचतो. वास्तविक त्याची पाळेमुळे मंत्रालयात नाहीत. ती पूर्वीच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावात आहेत. ती हकिकत येथे सांगावीशी वाटते. कारण मुलांसाठी व कुटुंबांसाठी चालणाऱ्या निरनिराळ्या सेवांचा मेळ कसा घालावा, या आजच्या प्रश्नाचे मर्म तीत दडले आहे.

गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मुक्त, आनंदी बालशिक्षण शहरांतील सुखवस्तू घरांपुरतेच राहू नये, ही ताराबाईंची तळमळ होती. त्यातूनच १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. बालपणी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य आणि पुढे जिद्दीने घेतलेले शिक्षण, एवढी शिदोरी घेऊन आलेल्या अनुताईंनी उरलेले सारे आयुष्य याच कार्याला वाहिले.

केंद्र उघडले खरे. परंतु ज्या दलित व आदिवासी मुलांची ओढ ताराबाईंना होती, ती मुले तेथवर पोहोचेनात. आईबाप मजुरीला गेलेले. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर आणून सोडणार कोण? तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे! वस्तीतले एखादे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला अंगणातली बालवाडी आली, तीच अंगणवाडी.

१९५०च्या दशकात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे नवाच पेच उभा राहिला. थोरली मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येईना, कारण त्याच्यामागे गुरे असत. त्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. तान्हे पाळणाघरात विसावले की थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे होत. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती ‘कुरणशाळा’. एका मुलाची अडचण दुसऱ्याच्या अडचणीत गुंतलेली असते, हे या बायांनी जाणले होते.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मेळघाटातील धारणी व मुंबईतील धारावी येथे झाला. पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा सहा वर्षांखालील बालकांना व त्यांच्या मातांना एकाच ठिकाणी मिळाव्यात, हा तिचा गाभा. यांतील शेवटच्या तीन सेवा आरोग्य खात्याकडून यायच्या. दोन खात्यांची गाठ जेथे पडायची, त्या जागेलाच अंगणवाडी हे नाव मिळाले.

परंतु ही गाठ आपोआप पडत नाही. ती अंगणवाडी सेविका घालते. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका येते. पण कोणत्या घरचे बाळ राहून गेले, कोणती गरोदर माहेरी गेली, हे सेविकेला ठाऊक असते. बाळाचे वजन घटले की आईशी बोलायला तीच जाते. असे असूनही राज्याने तिला ‘मानसेवी’ ठरविले. तिला वेतन नव्हे, मानधन दिले. ही सेवा प्रत्येक वस्तीत पोहोचली पाहिजे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २००६ साली दिले. सेविका व मदतनीस यांनाही उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे, हा निकाल मात्र एप्रिल २०२२ मध्ये आला. तोवर योजनेला ४६ वर्षे उलटून गेली होती. दुसऱ्यांच्या लेकरांची काळजी वाहणाऱ्या बाईच्या म्हातारपणाची काळजी कोणाला पडली नव्हती!

हा दोष केवळ सरकारचा आहे, असे आम्हांला वाटत नाही. सेवेला त्यागाचे नाव दिले की मोबदल्याचा विचार करावा लागत नाही, ही सवय आपणा सर्वांनाच आहे. बालकांसाठी व गरजू कुटुंबांसाठी आपणही उपक्रम आखतो, समित्या नेमतो आणि माणसे आली नाहीत की खंत करतो. ‘ती का येत नाहीत?’ हा प्रश्न बोर्डीतही पडला होता. ताराबाईंनी त्याचे उत्तर वस्तीच्या अंगणात जाऊन शोधले.