गंगा तलावावरील माकडे

मॉरिशसमधल्या गंगा तलाव या तीर्थस्थळाकाठी दिसणारी माकडे मूळची तिथली नव्हेत. ही लांब शेपटीची मकाक जातीची माकडे आग्नेय आशियातली. खलाशांनी ती जहाजांवरून आणली. माणसाचे पाऊल पडण्यापूर्वी या बेटावर वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे इथला डोडो पक्षी निर्धास्तपणे जमिनीवरच अंडे घाली. तो नाहीसा झाला याचा दोष केवळ डच खलाशांच्या शिकारीला देणे अपुरे आहे. माणसाबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी त्याची अंडी-पिल्ले उरू दिली नाहीत. इथल्या गुलाबी कबुतरांची घरटी माकडे आजही लुटतात. म्हणून यात्रेकरूंनी त्यांना केळी घालू नयेत, ही कळकळीची विनंती. प्रयत्न केले तर पक्षी वाचवता येतात, हेही इथे दिसले आहे. मॉरिशस केस्ट्रल या छोट्या शिकारी पक्ष्याचे १९७४ मध्ये रानात अवघे ४ पक्षी माहीत होते. पक्षी-संवर्धक कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी अंडी कृत्रिमरीत्या उबवून, पिल्ले वाढवून ती जात वाचवली.