धान्य सांडतें कोठें?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, बपेरा नांवाचें एक गांव आहे. हा सारा मुलूख धानाचा. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांस येथें प्रथम एक शब्द सांगितला पाहिजे. पश्चिमेकडे शेतांतलें पीकही भात आणि पानांत वाढलेलें अन्नही भात. इकडे तसें नाहीं. शेतांत उभें असतें तें धान, गिरणींतून निघतो तो तांदूळ आणि चुलीवर शिजतो तो भात. तीन नांवें, तीन मुक्काम. अन्नाच्या नासाडीविषयीं गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जें बोललें गेलें तें चाळून पाहतां असें दिसतें कीं, उपदेश बहुधा तिसऱ्या मुक्कामावरच्या माणसाला झाला. नासाडीचा मोठा भाग मात्र पहिल्या दोन मुक्कामांवर होत होता.

मधल्या मुक्कामापासून आरंभ करूं, कारण त्याच्या इतिहासाचें एक प्रकरण विदर्भांतच घडलें. पूर्वीं धान घरीं कांडलें जाई. उखळ-मुसळ नाहीं तर पायानें दाबावयाची ढेकी, हीं त्याचीं साधनें. काम बायकांचें आणि कंबर मोडणारें. त्याचे गोडवे गाण्याचें कांहीं कारण नाहीं. म्हणून इंजिनावर चालणारा हलर आला तेव्हां तो घराघरांतून हवासा वाटला, यांत नवल नाहीं. परंतु हलर धान रगडतो. टरफल आणि कोंडा तो एकदमच काढतो, कण्या पुष्कळ पाडतो, आणि टरफलाच्या भुश्शांत मिसळलेला कोंडा तेल काढण्यासही निरुपयोगी होऊन गुरांपुढें जातो. तांदुळाचें बी-१ जीवनसत्त्व नेमकें त्या कोंड्यांत. जावा बेटांत आइकमन या डच डॉक्टरानें गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस सडीक तांदुळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतांना पाहिल्या आणि बेरीबेरी रोगाचें मूळ शोधण्याची वाट मोकळी केली. त्याबद्दल १९२९ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

डिसेंबर १९३४ मध्यें वर्धा येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडींत कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी अशा जात्याच्या खटपटीला लागले कीं, जें टरफल काढील पण कोंडा राखील. गांधीजींनीं हातसडीच्या तांदुळाचा पुरस्कार केला तो पुष्कळांस एक आहाराचा छंद वाटला. वस्तुतः तो नासाडीचाच प्रश्न होता. फक्त वाया जाणारी वस्तु डोळ्यांना दिसत नव्हती. पुढें १९५८ सालीं संसदेनें तांदुळाच्या गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला, रबरी रुळांच्या नव्या गिरण्या आल्या, आणि १९९७ सालीं तो कायदा रद्दही झाला. गंमत अशी कीं, उकड्या तांदुळाची जुनी रीत या बाबतींत पुष्कळ यंत्रांहून शहाणी होती. धान भिजवून वाफवलें म्हणजे कोंड्यांतलें जीवनसत्त्व कांहीं अंशीं दाण्यांत उतरतें, दाणा घट्ट होतो आणि कण्या कमी पडतात.

आतां पानाकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, इंग्लंडांत अन्न वाया घालविणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. आपल्याकडे १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. पुढच्याच वर्षीं बंगालमध्यें सुमारें तीस लक्ष माणसें मेलीं, आणि मे १९४३ मध्यें मुंबईंत रेशन सुरू झालें. त्या दिवसांत शहरी गृहिणीला काटकसर नव्यानें शिकवावी लागली असेल असें मला वाटत नाहीं. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताला फोडणी, पातेल्याच्या तळाची पेज, हें सारें तिच्या सासूच्याही सासूला ठाऊक होतें.

१९६५ सालीं पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनीं सोमवारचें रात्रीचें जेवण सोडण्याचें आवाहन केलें. असंख्य घरांनीं तें पाळलें, खाणावळी सोमवारीं संध्याकाळीं बंद राहूं लागल्या. त्या आवाहनांतील नैतिक बळ मी कमी लेखीत नाहीं. त्याच्या पुढल्या वर्षीं आपण सुमारें एक कोटी टन धान्य बाहेरून आणलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सोमवारांमागची लाजही समजते. परंतु उपवास केला तो ज्याला एरवीं दोन वेळां मिळत होतें त्यानें. कणगींतल्या किड्यानें केला नाहीं.

तो किडा किती खात होता, हें त्याच सुमारास मोजलें गेलें. मोजणारे डॉ. वि. गो. पानसे. शेतीच्या संख्याशास्त्रांत त्यांचें आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांचें नांव जोडीनें घेतलें जातें. पानसे समितीच्या अंदाजाप्रमाणें कापणीनंतर देशांतील शंभर किलो धान्यापैकीं ९.३३ किलो वाया जात होतें. मळणींत १.६८, वाहतुकींत ०.१५, गिरणींत ०.९२ आणि साठवणींत तब्बल ६.५८. साठवणीच्या आंकड्यांत किडींचा वांटा २.५५, उंदरांचा २.५०, पांखरांचा ०.८५ आणि ओलाव्याचा ०.६८. गिरणीचा आंकडा लहान दिसतो, पण तो वजनाचा आहे. कोंड्यासह गेलेल्या सत्त्वाचा हिशेब तागडींत येत नाहीं.

साठवण म्हणजे घर. विदर्भांत धान बांबूच्या ढोलींत ठेवीत. ती शेणमातीनें लिंपून घेत आणि कडुनिंबाचा पाला घालीत. ढोलीला श्वास असतो. दाणा थोडा ओला राहिला तरी त्याची वाफ बाहेर पडते. पण जेथून वाफ जाते तेथून किडाही येतो, आणि उंदराला माती कुरतडणें अवघड नाहीं. उत्तर प्रदेशांतील हापूड येथें १९५८ पासून या विषयाचें संशोधन होऊं लागलें, आणि साठीच्या दशकांत धान्य बचाव मोहिमेनें पत्र्याची कोठी गांवोगांव नेली. घट्ट झांकलेल्या कोठींत उंदराचा शिरकाव नाहीं, आणि आंत राहिलेली कीड हवेंतला प्राणवायु संपवून स्वतःच गुदमरते. मात्र दाणा कडक वाळलेला हवा. ओलसर धान भरून कोठी बंद केली तर थंडीच्या रात्रीं पत्र्याला आंतून घाम सुटतो आणि सबंध भरताड बुरसटतें. ढोली माफ करी तें कोठी माफ करीत नाहीं. ही गोष्ट जिला सांगावयाची ती घरांतली बाई. आणि सरकारी सभेंत पुढच्या सतरंजीवर बहुधा पुरुष बसत.

तरी एकंदरींत नुकसान घटलें असावें. लुधियाना येथील केंद्रीय संस्थेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तृणधान्यांची नासाडी पिकागणिक ४.६५ ते ५.९९ टक्के आढळली. दोन्ही मोजणींच्या रीती निराळ्या, म्हणून हे आंकडे एकमेकांतून वजा करूं नयेत.

दरम्यान शहराच्या स्वयंपाकघरांत नवें यंत्र आलें. गोदरेजनें १९५८ सालीं भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारांत आणला. फ्रिज अन्न टिकवितो हें खरें. परंतु उरलें तें खावें कीं टाकावें हा निर्णयही तो चार दिवस पुढें ढकलतो, आणि चौथ्या दिवशीं तें टाकलेंच जातें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं दिलेला अंदाज असा कीं, भारतीय घरांतून माणशीं वर्षाला सुमारें ५५ किलो अन्न वाया जातें. हॉटेलें व समारंभ यांतून उरलेलें चांगलें अन्न गरजूंकडे जावें म्हणून २०१९ सालीं नियम झाले. घरच्या फ्रिजपर्यंत ते पोहोंचत नाहींत, आणि पोहोंचूंही नयेत.

पहिल्या मुक्कामावर मात्र प्रश्नानें रूप बदललें आहे. धान उत्पादकाचा बराचसा माल आतां घरीं न थांबतां सुगी होतांच आधारभूत खरेदी केंद्रावर जातो. केंद्रांजवळ गोदामें पुरेशीं नसलीं कीं पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर, ताडपत्रीखालीं राहतात, आणि अवकाळी पाऊस आला म्हणजे धान भिजून कोंब फुटल्याच्या बातम्या भंडारा-गोंदियाकडून वारंवार येतात. भिजलेल्या त्या पोत्यांतलें धान, दोन पिढ्यांमागें, एखाद्या घरच्या ढोलींत कोरडें राहिलें असतें.