डिसेंबरातले चार गोल

आमच्या घरात १९५६ साल आकड्याने कुणी सांगत नसे. ‘बाबासाहेब गेले त्या साली’ म्हटलं की काळ नेमका कळायचा. पणजोबा मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले होते. तेव्हा हा सगळा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं. आजोबा रेवदंड्याहून मुंबईला गोदीत कामाला लागले. त्या डिसेंबरचा आठवडा ते सांगायला बसले की दुःखाच्या मधोमध एक फुटबॉलपटू यायचा, नेव्हिल डिसोझा. आणि तो आला की आजोबांचा आवाज बदलायचा.

आजोबांना फुटबॉल मुंबईने शिकवला नव्हता. पावसाळ्यात होड्या पुळणीवर ओढून ठेवल्या की ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर रेवदंड्याची पोरं अनवाणी खेळायची. दोन वल्ही या टोकाला रोवायची, दोन त्या टोकाला. एका अंगाला समुद्र, त्यामुळे चेंडू त्या बाजूला गेला की पाण्यात शिरावंच लागायचं. खाडीपलीकडे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज वळणाची बोली आहे. १७४० पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडेच होता. त्या वस्तीतली पोरं होडीने येऊन सामने घ्यायची. पुढे आजोबांनी डिसोझा हे नाव ऐकलं तेव्हा ते त्यांना परकं वाटलं नाही, ते त्यामुळे.

गोदीत त्यांच्या टोळीत एक गोवेकर होता, धोबीतलावाच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहणारा. त्यानेच आजोबांना पहिल्यांदा कूपरेजच्या मैदानावर नेलं. तिथे रोव्हर्स कप चालायचा, १८९१ पासूनचा. पहिली कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणीच जिंकत होत्या. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो नेला आणि मग हवा पालटली. आजोबांच्या काळात हैदराबाद पोलीस संघाचा दरारा होता. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं कप त्यांच्याकडे, आणि त्यांना घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. आजोबा त्यांना शेवटपर्यंत ‘रहीमसाहेब’ म्हणत. पावसाळ्यात हारवूड लीग असे. चिखलात, कोसळत्या सरीत सामने चालायचे आणि गोदीची पाळी संपवून माणसं भिजत उभी राहायची.

नेव्हिल टाटांच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. जन्म १९३२ चा, घराणं गोव्याचं. आजोबा सांगत, फॉरवर्डला बघायचं तर चेंडूवरून नजर काढायची आणि चेंडू लांब असताना तो कुठे उभा राहतो ते पाहायचं. हे मला टीव्हीवर कुणा समालोचकाने इतकं नीट समजावलेलं नाही. काकाला आणि मला ते खळ्यात खडे मांडून दाखवायचे: हा बॅक, हा गोली, आणि हा आपला नेव्हिल, बॅकच्या पाठीमागे अर्धं पाऊल.

मेलबर्नचं ऑलिंपिक म्हणजे काय होतं ते कळायला आधीची दोन माहीत हवीत. १९४८ ला लंडनमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले, दोन पेनल्टी घालवल्या आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुऊन काढलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी रहीमसाहेब संघ घेऊन मेलबर्नला गेले. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार, शिवाय पी. के. बॅनर्जी, कन्नन, किट्टू, केम्पय्या, थंगराज. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

शनिवार, १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने फेडला. तेहेतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा नेव्हिल, आणि शेवटी किट्टूचा चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. त्याच महिन्यात सिडनीला दोन्ही संघ पुन्हा भिडले तेव्हा भारताने ७-१ ने जिंकून पहिल्या विजयाबद्दलची शंकाही मिटवली.

गावात ही बातमी वर्तमानपत्रातून आली. मुंबईचे पेपर भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने यायचे आणि पुढे एसटीने. पहिल्या पानांवर संयुक्त महाराष्ट्र होता. महिन्यापूर्वी, १ नोव्हेंबरला, द्विभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं होतं, गोळीबारात गेलेल्या माणसांचे घाव ताजे होते, कुलाब्यात गावोगाव सभा चालू होत्या. खेळाची बातमी आत कुठेतरी होती. काका तेव्हा शाळेत जाणारा. मास्तरांनी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली आणि फळ्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढला, हे तो आजही सांगतो. गोदीतल्या त्या गोवेकराने टोळीला पेढे वाटले. मग बसून रडला. १९५५ पासून गोव्याच्या वाटा बंद होत्या. पंधरा ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, पुढे भारताने नाकेबंदी केली, आणि त्याची म्हातारी आई पलीकडे अडकून पडली होती. ‘माझं गाव अजून पोर्तुगालच्या ताब्यात,’ तो म्हणाला, ‘आणि आमचा पोरगा इंडियासाठी गोल करतोय.’

हे वाक्य आजोबांनी जपून ठेवलं. मलाही त्यापुढे जाता येत नाही. त्याच काळात तिकडे अल्जीरियाही असाच फ्रान्सच्या ताब्यात होता. सेतीफचा रशीद मेखलुफी सेंत-एतिएनचा फॉरवर्ड होता, फ्रान्सकडून चार सामने खेळला होता आणि १९५८ च्या विश्वचषकासाठी त्याचं नाव घेतलं जात होतं. एप्रिल १९५८ मध्ये तो काही सहकाऱ्यांसह गुपचूप निघाला आणि ट्युनिसला जाऊन स्वातंत्र्यलढ्याच्या संघाला मिळाला. फिफाची मान्यता नसलेला तो संघ चार वर्षं देशोदेशी खेळत राहिला. देश उभा राहण्याआधी त्याचा फुटबॉल संघ उभा राहिला होता. नेव्हिलला असं काही सोडावं लागलं नाही. मुंबईने त्याला घडवलं आणि भारताची जर्सी त्याला सहज मिळाली. पण गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. मेलबर्नचे ते गोल त्याच्या पाच वर्षं आधीचे. कुडातल्या माणसांना त्या गोलांत जे दिसलं, ते बाकी देशाला दिसलं नसेल असं मला ठाम वाटतं.

मंगळवारी, ४ डिसेंबरला उपांत्य सामना. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया, दहा गोलवाला. मध्यंतरापर्यंत कोरी पाटी. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. फक्त दोन मिनिटं. चौपन्नाव्याला पापेकने बरोबरी साधली, मग वेसेलिनोविच, पुन्हा पापेक, आणि शेवटी आपल्याच खेळाडूकडून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. ४-१. आजोबा त्या दोन मिनिटांवर थांबायचे. आणखी तीन मिनिटं टिकले असते तर, रहीमसाहेबांनी मधली फळी मागे ओढली असती तर. ते न पाहिलेला सामना खडे मांडून पुन्हा खेळत बसायचे, आणि आम्ही पोरं भांडायचो.

कांस्यपदकाचा सामना त्यांनी कधी सांगितला नाही. बल्गेरियाने तो ३-० असा जिंकला. मी मोठा झाल्यावर तारीख पाहिली: ७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ तारखेला दिल्लीत झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आलं, दादरला राजगृहावर. सात तारखेला आजोबा रांगेत होते. दुपारनंतर अंत्ययात्रा निघाली, संध्याकाळी दादर चौपाटीवर चिता पेटली, आणि तिथेच असंख्यांनी धम्माची दीक्षा घेतली, आजोबाही त्यांतलेच. सोळा तारखेचा मुंबईतला दीक्षा सोहळा बाबासाहेबांच्या हातून व्हायचा होता. अशा दिवशी मेलबर्नला काय झालं हे त्यांना कळलं नाही, कळलं असतं तरी ऐकू आलं नसतं. महाराष्ट्राने नेव्हिलला विसरण्याची कारणं लोक क्रिकेटमध्ये शोधतात. मला वाटतं, निदान आमच्यासारख्या घरांत त्याचं कारण तो आठवडाच होता. त्या आठवड्यातून आजोबांनी चार गोल तेवढे बाजूला काढून ठेवले, हेच मला थोर वाटतं.

स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांचेही चारच. भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पुन्हा गेला नाही आणि १९६० च्या रोमनंतर पात्रच ठरला नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. पी. के., बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग यांना ते मिळाले, नेव्हिलला नाही. मार्च १९८० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मेखलुफी मात्र १९६२ नंतर सेंत-एतिएनला परतला. प्रेक्षक कसे वागतील याची त्याला धास्ती होती, पण त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९६८ च्या फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात बोर्दोविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे. २०२४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला तेव्हा अल्जीरियाने त्याला आदरांजली वाहिली.

वांद्र्याला नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे. आमच्याकडच्या मुलांनी तिथे जाऊन सामने खेळले आहेत. पाटीवरचं नाव त्यांनी वाचलं होतं, तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता पुळणीवरच्या पावसाळी स्पर्धेत उत्तम फॉरवर्डला जो चषक देतात, त्यावर ते नाव कोरावं असं मी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला सुचवलं आहे. काकाचं म्हणणं, नावाखाली ‘युगोस्लाव्हिया, ५२ वे मिनिट’ एवढंही लिहा. मंडळ म्हणतं, हॅटट्रिक सोडून हरलेला सामना कशाला. काका ऐकायला तयार नाही, आणि मी काकाच्या बाजूने आहे.