डॉ. राणी बंग : 'पांढऱ्या पाण्या'ला आरोग्याच्या नकाशावर आणणाऱ्या डॉक्टर

डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ, संशोधक आणि प्रजनन हक्कांच्या पुरस्कर्त्या आहेत. गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेच्या त्या सहसंस्थापक आहेत.

जन्म आणि शिक्षण
राणी चारी यांचा जन्म 1951 मध्ये चंद्रपुरात झाला. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. पुढे पती डॉ. अभय बंग यांच्यासह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. परत आल्यावर दोघांनी गडचिरोली निवडले. चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा 1982 मध्ये झाला होता. आरोग्यसेवा तुटपुंजी होती.

दोन गावांचा अभ्यास
त्या काळी सरकारी आरोग्यसेवेसाठी ग्रामीण स्त्री म्हणजे एक तर गरोदर बाई, नाही तर नसबंदीच्या उद्दिष्टातला एक आकडा. या दोन्हींच्या पलीकडे तिला काय त्रास होतो, हे कुणी विचारत नव्हते. डॉ. राणी बंग यांनी ते विचारले. वसा आणि अमिर्झा या गावांतील 650 स्त्रिया आणि मुलींची त्यांनी तपासणी केली. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी 3.6. याआधी अशी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. जानेवारी 1989 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. कुटुंबनियोजनापुरता विचार न करता स्त्रीच्या संपूर्ण प्रजनन आरोग्याकडे पाहा, या मागणीला त्यातून भक्कम पुरावा मिळाला.

बायकांची भाषा, बायकांचे ज्ञान
अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, नको असलेले गरोदरपण यांवर बायका आपसात बोलत, दवाखान्यात नाही. डॉ. राणीताईंनी त्यांना अडाणी न ठरवता त्यांचे शब्द शिकून घेतले. गावातील दायांना प्रशिक्षण दिले. शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी वस्तीच्या धर्तीवर उभा राहिला आणि त्याला लोकांच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. किशोरवयीनांसाठी 'तारुण्यभान' हा लैंगिक शिक्षणाचा उपक्रम त्यांनी चालवला. 'गोईण' आणि 'कानोसा' ही त्यांची मराठी पुस्तके. बंग दांपत्याला 2003 चा महाराष्ट्र भूषण आणि 2018 मध्ये पद्मश्री मिळाला.

आंबेडकरी परंपरेशी नाते
हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, तेव्हा नको असलेले गरोदरपण टाळण्याची मोकळीक तिला हवी, ही त्यामागची भूमिका होती.

आजचा कायदा
गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत 24 आठवडे आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या मुदतीत सामावून घेतले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी ती मागितली जाते आणि बाई परत पाठवली जाते. मग ती जाते कुठे, हे वस्तीत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

कार्यकर्त्यांसाठी
आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. स्त्रीरोग तपासणीसाठी आडोसा आणि महिला डॉक्टर मात्र क्वचितच असतात. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा त्यासाठी ठेवता येईल. बुद्धविहारात महिन्यातून एकदा मुला-मुलींशी शरीराविषयी मोकळेपणाने बोलता येईल. समता भाषणात असून भागत नाही; आपल्या शरीराचा निर्णय बाईला घेता येतो का, तिथे ती तपासावी लागते.