‘मी पाहिलेले निसर्गरम्य स्थळ’: नागभीडहून एका निवडीचा इतिहास

‘मी पाहिलेले निसर्गरम्य स्थळ’ हा निबंधाचा विषय मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही नवा नाही. आमच्यासारख्या, झाडीपट्टीत मराठी शिकवणाऱ्यांना तर त्याची उत्तरे तपासण्याआधीच पाठ झालेली असतात. नागभीड, तळोधी, सिंदेवाही या पट्ट्यातील मुले या विषयावर बहुधा महाबळेश्वर लिहितात. तेथे निसर्गाने सौंदर्याची मुक्त हस्ताने उधळण केलेली असते, सूर्यास्त पाहून डोळ्यांचे पारणे फिटते आणि परतताना पाय निघत नाही. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी महाबळेश्वर पाहिलेले नसते. ते गाइडातून उतरलेले असते. पाच-सात कोसांवर घोडाझरीचा तलाव आहे, सात बहिणींचा डोंगर आहे, ऐन-धावड्याचे रान तर घराच्या मागेच आहे. ते निबंधात का येत नाही, असे आम्ही एकदा वर्गात विचारले. एका मुलीने उत्तर दिले, “तिथं तर आम्ही कामाला जातो, सर.”

प्रस्तुत लेख त्या उत्तराभोवती आहे. सुट्टीत कोठे जावे हा वरकरणी आवडीचा प्रश्न. पण एखादे स्थळ ‘निसर्गरम्य’ आहे हे कधी ठरले, कोणी ठरवले आणि ते पाहण्याचा काळ कोणता मानला गेला, याला इतिहास आहे. तो नागभीडसारख्या आडवळणाच्या स्थानकावरून अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांस वाटते.

मराठी माणूस पूर्वी प्रवास करीत नव्हता असे नाही. पण त्या प्रवासाला निमित्त लागे: यात्रा, लग्नकार्य, नोकरी, दक्षिणा. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने, आणि सापडले बंडाच्या धामधुमीत. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. त्यांनी वाटेत पुष्कळ पाहिले. परंतु केवळ पाहण्यासाठी ते निघाले नव्हते. आमच्या झाडीतही महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जाणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जुंपत आली. तेथे नदी उत्तरेकडे वळते, काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. दृश्य विलक्षण आहे. तरी लोक दर्शनाला जात. दृश्य त्या दर्शनात येऊन जाई.

दृश्यासाठीच जायचे, ही कल्पना इंग्रजांबरोबर आली, आणि खुद्द इंग्लंडातही ती तेव्हा फार जुनी नव्हती. विल्यम गिल्पिनने वाय नदीच्या प्रवासाचे पुस्तक १७८२ साली प्रसिद्ध केले आणि चित्रात शोभेल ते सुंदर, अशी निसर्ग पाहण्याची एक रीत रूढ होऊ लागली. पुढे १८४४ साली विंडरमिअरच्या सरोवराकडे रेल्वे नेण्याचे घाटू लागले, तेव्हा वर्ड्‌स्वर्थने वर्तमानपत्रातून तिला विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, अशा दृश्यांची गोडी उपजत नसते, ती सावकाश जोपासावी लागते. गाडीने आणून ओतलेल्या कष्टकऱ्यांच्या जथ्यांना तिचा लाभ होणार नाही. रेल्वे झालीच, ती १८४७ साली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग विसरू नये. निसर्गकवितेचा हा थोर प्रवर्तक निसर्ग पाहण्याच्या अधिकाराला रुचीची अट घालीत होता, आणि ज्यांना रजा नाही, त्यांच्यापाशी ती रुची कशी यावी, हे मात्र सांगत नव्हता.

हिंदुस्थानात ही नवी दृष्टी उन्हाळ्याशी जोडली गेली. साहेबाला उकाडा सोसवेना, म्हणून उंची हा स्थळ निवडण्याचा पहिला निकष झाला. महाबळेश्वर १८२० च्या दशकात वसले, माथेरान १८५० मध्ये ह्यू मॅलेटच्या नजरेस पडले. आमच्या बाजूला मध्य प्रांत १८६१ साली बनला. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ सातपुड्यात पचमढीच्या पठारावर जाऊन राहिला, आणि १८७१ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाने ते पठार इंग्रजी वाचकांच्या नकाशावर आणले. पुढे पचमढी ही प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. साहेब वर गेला की कचेरी वर जाई, आणि कचेरीमागून कारकून. ‘थंड हवेचे ठिकाण’ हा आपल्या मध्यमवर्गाच्या तोंडी रुळलेला शब्दप्रयोग आणि मे महिन्याची सुट्टी, ही दोन्ही या व्यवस्थेची लेकरे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-चांदा मुंबई राज्यात आले आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. तरी विदर्भातील कुटुंबे मे महिन्यात अजून तिकडेच वळतात. राज्य बदलले, सवय बदलली नाही.

चांदा जिल्ह्याला उंची नव्हती. येथील मे महिना कसा असतो हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे पहिल्या निकषावर आमचा मुलूख बादच झाला. १९०८ साली नॅरोगेज रुळांनी नागभीड एकीकडे गोंदियाशी आणि दुसरीकडे उमरेड-भिवापूरवरून नागपूरशी जोडले गेले. पुढे एक फाटा मूलवरून चांदा फोर्टपर्यंत गेला. पण ही अडीच फुटी गाडी कोणाला देखावे दाखवण्यासाठी आली नव्हती. तिने धान्य, लाकूड आणि बाजारहाटाची माणसे वाहिली. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग १९९९ मध्ये ब्रॉडगेज झाला. नागपूरची छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. ती बंद झाल्यावर मात्र शहरातील माणसांना तिच्या संथपणातील काव्य आठवू लागले. रोज तिने जाणाऱ्यांच्या लेखी तो संथपणा म्हणजे बुडालेला दिवस होता.

दुसरा निकष वाघाचा. ताडोबाचे रान १९३५ साली अभयारण्य झाले आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आजच्या महाराष्ट्रातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. गोंडांच्या तारू या दैवताचे ठाणे तळ्याकाठी आहे, त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात. पौषात तेथे जत्रा भरत असे. म्हणजे हेही स्थळ आधी जत्रेचे होते आणि नंतर पाहण्याचे झाले. शिकारीचे रान पुढे कॅमेऱ्याचे रान झाले; वाघ मध्यभागी होता तसाच राहिला.

या रानाला मराठी साहित्यात आणण्याचे काम मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी केले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. व्यंकटेश माडगूळकर दुष्काळी माणदेशाचे. त्यांनी ‘नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीने त्यांना नवेगाव बांधला आणले आणि त्यांनी मराठीला रानाची परिभाषाच दिली. (२०२५ च्या जूनमध्ये ते गेले.) दोघेही रानात राहिले, पायी हिंडले, तेथील माणसांकडून शिकले. त्यांना वाचून जे वाचक इकडे आले, त्यांच्यापाशी मात्र दोन दिवस आणि उघडी जिप्सी असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रजाच तेवढी मिळते.

अडचण आहे ती वेगळ्या ठिकाणी. ताडोबाकडे सर्वाधिक गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते. का? पानगळ झालेली असते, झुडपे विरळ असतात, पाणी थोड्या पाणवठ्यांवर उरते. वाघ दिसण्याची शक्यता वाढते. म्हणजे जे ठिकाण आम्ही निसर्गरम्य म्हणून निवडतो, ते त्याचे पान नसेल अशा वेळी निवडतो. श्रावण-भाद्रपदात, रान हिरव्याने ओथंबलेले असताना, गाभा क्षेत्राचे दरवाजे बंद असतात, आणि त्याची फारशी हळहळही कोणाला वाटत नाही.

आणि नेमका हाच काळ झाडीतील माणसांच्या रानातल्या कामाचा. मार्च-एप्रिलात मोहफूल, त्यापाठोपाठ तेंदूपत्ता. पहाटेच निघायचे, वाकून वाकून पाने खुडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेऊन मोजून द्यायचे. वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च पुष्कळ घरांत या दोन-तीन आठवड्यांतून निघतो. प्रवासी आणि मजूर एकाच महिन्यात, एकाच पहाटे, एकाच प्राण्याच्या मुलखात शिरतात. एक त्याला पाहता यावे म्हणून. दुसरा तो दिसू नये अशी प्रार्थना करीत. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. सिंदेवाही हा नागभीडला लागूनच असलेला तालुका. त्या बातमीनंतर आमच्या वर्गातील त्या मुलीचे उत्तर आम्हांला पुन्हा आठवले. तिने रान सुंदर नाही असे म्हटले नव्हते. ते पाहायला जाण्याचे ठिकाण नाही, एवढेच ती म्हणाली होती.

आता घोडाझरी. तीन बाजूंना टेकड्या, मध्ये विस्तीर्ण पाणी. रविवारी नागपूरच्या गाड्या पाळीवर लागतात. २०१८ साली भोवतालच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण हे पाणी निसर्गाने ठेवलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मध्य प्रांताने दोन भीषण दुष्काळ पाहिले. त्यानंतर सिंचनाचा विचार गांभीर्याने सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात आसोलामेंढा, नलेश्वर, घोडाझरी हे तलाव या जिल्ह्यात बांधले गेले, धानासाठी. त्यांच्याही मागे जुनी परंपरा आहे. तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची गोंड राजांची ‘तुकूम’ पद्धत १८६९ च्या सुमारास मेजर लूसी स्मिथच्या बंदोबस्ताच्या अहवालात नोंदली गेली. चंद्रपूर शहरात तुकूम हे वस्तीचे नाव आजही आहे. कोहळी समाजाने तर तलाव आणि बोड्या बांधण्याची विद्याच जोपासली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा हा वाद मागे उरला. थोडक्यात, झाडीतील जे दृश्य आज डोळ्यांना निवांत वाटते, ते पाळीवर माती टाकणाऱ्या हातांचे काम आहे. निबंधात ‘निसर्गाने उधळण केली’ असे लिहिताना हे हात सहज पुसले जातात.

तर मग झाडीचा माणूस सुट्टी घेतच नाही काय? घेतो, फक्त त्याची सुट्टी मे महिन्यात नसते. धान कापून खळ्यावर आले, दिवाळी उलटली, की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावई-पाहुण्यांना आवतण जाते, दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. वडसा हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. नागभीडहून गोंदियाच्या गाडीत बसले की ब्रह्मपुरीनंतर ते येते. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. यंदा कोणत्या गावी जायचे, ही निवड तेव्हा घरोघर चालते. तिचे निकष असे: तेथे आपले कोण आहे, नाटक कोणते लागले आहे, रात्री टेकायला जागा आहे काय. वाटेत तलाव असतो, धुके असते, कापलेल्या बांध्यांचा वास असतो. त्याला कोणी निसर्गरम्य म्हणत नाही, आणि तरी पहाटे परतताना माणसे त्याच्याविषयी बोलतात.

या चित्रावर आम्ही भाळलेलो नाही. मंडईत जुगारही चालतो, नाटकांत सवंगपणाही शिरला आहे. उलट, सफारीमुळे मोहर्ली-कोलाऱ्याकडील कितीतरी घरांत वाटाड्याचा, वाहनचालकाचा पगार येतो. तो बुडावा असे कोण म्हणेल? आणि आम्ही स्वतः? गेल्या उन्हाळ्यात आम्हीही पचमढीलाच गेलो होतो आणि सूर्यास्त पाहून आमच्याही डोळ्यांचे पारणे फिटले. आमचे म्हणणे एवढेच, की स्थळाची निवड करताना त्याचा महिनाही निवडावा, आणि त्या महिन्यात तेथील माणसे काय करीत असतात हे विचारावे. वाचकांपैकी कोणाला झाडी पाहायचीच असेल, तर कार्तिकात या. नागभीडला उतरा, घोडाझरीची पाळ पायी चाला, रात्री एखाद्या गावच्या नाटकाला पोत्यावर बसा. वाघ बहुधा दिसणार नाही.

राहता राहिला निबंध. यंदा आम्ही विषयाचा एकच शब्द बदलला: ‘मी पाहिलेले’ऐवजी ‘मला माहीत असलेले’. महाबळेश्वरे कमी झाली. बोड्या आल्या, मोहाची झाडे आली, आजीच्या गावची मंडई आली. त्या मुलीने तेंदूच्या रानावर दीड पान लिहिले. पहाटे रानात शिरताना सगळ्या जणी मोठमोठ्याने बोलत का जातात, हे तिने त्यात सांगितले होते. सौंदर्याचा उल्लेख एकाच ठिकाणी होता: पाने खुडून झाल्यावर, डोक्यावर ओझे घेऊन परतताना, उतारावरून तलाव दिसतो तेव्हा. आम्ही त्याखाली काही न लिहिता गुण दिले.