रोह्याच्या नदीत मुळशीचं पाणी

आजचा भाग विजेचा आहे, आणि शाळेत वीज शिकवणाऱ्या सरांना नि बाईंना समोर ठेवून केलेला आहे. म्हणजे बाकीच्यांनी उठून जायचं असं नाही. पेण-रोह्याकडचे असाल तर हा तुमच्या दारातला इतिहास आहे.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' नावाचा धडा आहे. त्यात जलविद्युत केंद्र शिकवतात. वर धरण, तिथून खाली येणारं पाणी, मग टर्बाइन, मग जनित्र, मग तारा. मुलं आकृती काढतात, बाण दाखवतात, गुण मिळवतात. ती आकृती रोह्याच्या मुलांच्या गावातून वाहते, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. कुंडलिका भर एप्रिलात वाहती कशी राहते? आपल्या कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर डबक्यांवर येतात. कुंडलिका येत नाही, कारण ते पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळा नदीचं पाणी आहे. त्याला खरं तर पुण्याकडून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं होतं. त्याला वळवून सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडलं, आणि तिथून कोलाड, रोहा करत ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

हे झालं कसं, ते बघू. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशाच्या वाफेवर चालत होत्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि धुरानं शहर काळं व्हायचं. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते 1904 साली गेले. काम पुढे त्यांच्या मुलांनी, दोराबजींनी आणि रतनजींनी नेलं. 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला कोनशिला बसली आणि 1915 साली खोपोलीचं केंद्र सुरू झालं. मग 1922 ला भिवपुरी आणि 1927 ला भिरा. तिन्ही केंद्रं आजच्या रायगड जिल्ह्यात, तिन्हींची धरणं पुणे जिल्ह्यात, आणि तिन्हींची वीज मुंबईला. हे एक वाक्य फळ्यावर लिहिलं तरी भूगोलाचा अर्धा तास भरेल.

खोपोलीचं पाणी पाताळगंगेत उतरतं. ती पेण तालुक्याच्या उत्तर टोकाला रावे गावाकडून धरमतरच्या खाडीत जाते. म्हणजे पेणच्या वरच्या अंगालाही घाटावरचंच पाणी. आणि त्याच पेणच्या खारेपाटात कित्येक वर्षं उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघितली जाते. पाणी जवळून गेलं म्हणजे ते आपल्याला मिळालं असं नसतं, आणि विजेचंही तेच.

आता जरा गणित करू. मुलांना हेच आवडतं. भिऱ्याला पाणी सुमारे 500 मीटर उंचीवरून येतं. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी फार जोरात येतं, म्हणून तिथे पेल्टन चाकं वापरली: चाकाच्या कडेला वाट्यांसारखी पाळी आणि त्यांच्यावर पाण्याची बारीक पण जबरदस्त धार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, हे सूत्र मुलांना पाठ असतंच. 800 लिटर पाणी, 9.8 आणि 500 मीटर यांचा गुणाकार केला तर साधारण 39 लाख ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. यंत्रांत थोडं वाया जातं ते धरलं की हिशोब असा बसतो: 800 लिटरला एक युनिट. दोनशे लिटरची चार पिंपं.

वर्गातला 75 वॅटचा पंखा मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, रात्रभर असा तेरा-चौदा तास उगाच फिरत राहिला, की एक युनिट गेलं. म्हणजे घाटावरून चार पिंपं पाणी फुकट खाली सोडलं. 14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो, मुलं 'वीज वाचवा' अशी चित्रं काढतात. काढू देत. पण चार पिंपांचा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केलेलं मूल बटण बंद करायला जास्त लवकर उठेल, असं मला वाटतं.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. कारण त्या पाण्याखाली गावं आहेत.

मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं धरणात जाणार होती. आंबेमोहोराची जमीन, मावळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. 1921 साली रामनवमीला, 16 एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या पुस्तकात त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. लढा हरला. त्याचं एक कारण कडू आहे. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. त्यांना धरण थांबण्यापेक्षा भरपाईचा आकडा महत्त्वाचा वाटला, आणि जो जमीन कसत होता तो मागे राहिला. शेवटी 1924 च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, आणि त्यांना मोठी शिक्षा झाली. तीन वर्षांनी भिऱ्याची चाकं फिरू लागली.

मी टाटांना खलनायक करत नाहीये. गिरण्यांचा धूर कमी झाला, शंभर वर्षं त्या पाण्यातून वीज निघते आहे, आणि त्यासाठी कोळशाचा एक खडाही जाळावा लागत नाही. पण 'जलविद्युत ही स्वच्छ ऊर्जा आहे' हे वाक्य शिकवताना त्याच्या शेजारी मुळशी लिहिलं पाहिजे. उत्तरपत्रिकेत गुण मिळोत न मिळोत.

आणि खाली रोह्याकडे काय झालं? वीज मुंबईला गेली, पाणी मात्र इथे उरलं. वीज करून पाणी संपत नाही, हे मुलांना हमखास चुकीचं समजलेलं असतं, तेव्हा इथे थांबून सांगा. भिऱ्याच्या खाली राज्य सरकारने त्याच पाण्यावर आणखी 80 मेगावॅटचं केंद्र उभारलं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून काळ प्रकल्पाचे कालवे निघतात, त्यावर उन्हाळी भात होतो. धाटावची औद्योगिक वसाहत त्यावर चालते. कोलाडचं राफ्टिंग तर पूर्ण भिऱ्याच्या वेळापत्रकावर: सकाळी केंद्र चाललं की नदी फुगते, तेव्हाच बोटी सुटतात. मुंबईत विजेची मागणी वाढली की कोलाडला लाट येते म्हणा ना.

आता या पाण्यावर नवा वाद आहे. टाटांच्या धरणांतून वर्षाला सुमारे 42 टीएमसी पाणी पश्चिमेला वळतं. भीमेच्या खोऱ्यातले, सोलापूरकडचे लोक म्हणतात, आमची शेतं कोरडी असताना आमच्या नदीचं पाणी समुद्राला का? वीज काय, सौरऊर्जेतूनही होईल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण पाणी परत फिरवलं तर कुंडलिकेचं एप्रिलात काय होईल, कालव्यावरच्या भाताचं काय, रोह्याच्या नळाचं काय, हे रोह्याच्या माणसाने विचारायला नको?

नववी-दहावीच्या वर्गात दोन गट करा. एका गटाने सोलापूरची बाजू मांडायची, दुसऱ्याने रोह्याची. शेवटच्या बाकावरच्या दोघांना मुळशीच्या धरणग्रस्तांची बाजू द्या; ते बहुतेक विचारतील, आमची जमीन कोण परत देणार? त्याचं उत्तर सरांकडेही नसेल, आणि तास संपायला तेव्हा पाचच मिनिटं उरली असतील.