वाकळीवरचे चेहरे



गेल्या थंडीत आमच्या बचत गटाकडे एक वेगळंच काम आलं. गटातल्या थोरल्या आक्कांना पंचाहत्तरावं वर्ष लागणार होतं. त्यांच्या लेकींनी ठरवलं की आईला वाकळ द्यायची, आणि तिच्यावर घरातल्या माणसांचे फोटो छापून घ्यायचे. सोळा चौकोन, सोळा चेहरे. आम्ही वाकळी पुष्कळ शिवल्या होत्या, पण चेहऱ्यांची एकही नव्हती.

कापड आणायच्या आधीच वाद सुरू झाला. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "वडीलधाऱ्यांच्या तोंडावर पाय पडणार. हे काय बरं नाही." त्यांचं म्हणणं आम्हालाही पटत होतं. गेलेल्या माणसाचा फोटो आपण भिंतीवर लावतो, त्याला हार घालतो, तो कधी जमिनीवर ठेवत नाही. आक्का मटकी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, सासूबाईचं लुगडं वाकळीत घालून मी चाळीस वर्षं पांघरतीय. तवा कुठं पाप लागलं?"

त्यावर कोणाला उत्तर देता येईना. मग आम्ही जरा मागं जाऊन बघायचं ठरवलं.

वाकळ ही पहिल्यापासून माणसांच्या आठवणींचीच असते. आपल्याकडं पूर्वी कापड महाग होतं. हातमागावरचं लुगडं अंगावर विरलं की त्याला दंड घालायचा, दंडही टिकेना झाला की त्याची धडुती करायची, आणि त्यातलं चांगलं तेवढं वाकळीत घालायचं. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरणीचं कापड खेड्यापाड्यांत पोचलं तरी आपल्या बायकांनी जुनेर टाकून दिलं नाही. गाडगेबाबा चिंध्यांचं पांघरूण अंगावर घेऊन गावोगाव फिरले, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. एका वाकळीत चार-पाच लुगड्यांचे थर असतात. वरचा थर फाटला की ती उसवत नाहीत, त्यावरच नवा थर चढवतात. म्हणून वाकळ जितकी जाड, तितक्या जास्त पिढ्या तिच्या पोटात.

कापडावर माणसाचा चेहरा आणायची हौसही जुनी आहे. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या विणकरानं १८०४च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांवरून ठरे. १८३९ साली त्याच पद्धतीनं जॅकार्डचा स्वतःचा चेहरा रेशमात विणला गेला. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. आपल्या सोलापुरी चादरीवरची फुलं आणि मोर जॅकार्डनंच उठतात. सोलापूरच्या विणकरांनी पुढाऱ्यांचे आणि संतांचे चेहरेही भिंतीवर टांगायच्या कापडात विणले. पण ते मोठ्या माणसांचे चेहरे. आपल्या आजीसाठी कोण एवढे पुठ्ठे पाडणार?

ते काम फोटोमुळं सोपं झालं. १८३९ साली फोटोची कला जगापुढं आली, आणि तीनच वर्षांनी, १८४२ साली, जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं निळ्या छापाची रीत शोधली. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात कालवून कागदाला किंवा सुती कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर फोटोची काच ठेवून उन्हात धरायचं, आणि साध्या पाण्यानं धुवायचं. जिथं ऊन लागलं तिथं निळा रंग बसतो. घरांच्या नकाशाला आपण ब्लू प्रिंट म्हणतो, ती पूर्वी याच रीतीनं निघे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बायकांनी असे निळे फोटो सुती कापडावर उतरवून उशांचे अभ्रे आणि गोधड्या केल्या. यात एक अडचण होती. धुण्याचा सोडा लागला की हा निळा रंग उडतो. त्यामुळं त्या गोधड्या पांघरण्यापेक्षा दाखवायलाच जास्त.

आपल्याकडंही फोटो लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळच्या फोटो काढणाऱ्यांपैकी एक. पण मुंबईतल्या कॅमेऱ्यापासून आमच्या शिवारातल्या बाईपर्यंत किती अंतर होतं, ते आक्कांसाठी फोटो गोळा करताना समजलं. पुरुषांचे फोटो निघाले, कुणाचा शाळेतला, कुणाचा एसटीच्या पासावरचा. बायकांचे मिळेनात. लग्नात एक फोटो काढलेला, त्यात बाईचं तोंड मुंडावळ्यांत आणि खाली घातलेलं. १९७२च्या दुष्काळात आमच्या आज्या खडी फोडायला गेल्या, त्यांच्या हातांनी रस्ते झाले, पण आमच्या घरांत त्या दिवसांचा एकही फोटो नाही. निवडणुकीचं फोटो ओळखपत्र १९९३ साली सुरू झालं. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा समोर बघणारा पहिला फोटो म्हणजे तो ओळखपत्रावरचा, डोळे ताणलेले, पदर नीट घेतलेला. आक्कांच्या सासूबाईंचा आम्हाला मिळाला तो तोच, टिकलीएवढा.

फोटो घेऊन आम्ही छपाईला गेलो. पहिल्यांदा फसलो, ते सांगायला लाज कसली. मगवर आणि टी-शर्टवर जी छपाई करतात, तीच त्या दुकानदारानं आमच्या सुती कापडावर करून दिली. नवं होतं तेव्हा छान दिसलं. नमुन्याचा चौकोन धुतला, तर सासूबाई धुक्यात गेल्यासारख्या झाल्या. आक्का काही बोलल्या नाहीत, नुसता त्या चौकोनावरून हात फिरवत बसल्या. पैसे गेल्याचं आम्हाला तेवढं वाटलं नाही.

मग चौकशी केली. त्या छपाईला सब्लिमेशन म्हणतात. साधारण २०० अंश उष्णतेत रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते, पण फक्त पॉलिएस्टरच्या. सुती धागा तो रंग धरत नाही. सुती कापडाला वेगळी शाई लागते, नाहीतर फिल्मवर छापून गरम दाबानं चिकटवावं लागतं. चिकटवलेल्या फोटोवर सुई टोचली की भोक तसंच राहतं आणि इस्त्री थेट लागली की फोटो वितळतो. म्हणून आम्ही सुती कापडाच्या शाईची छपाई घेतली. कापड आधी धुऊन त्याची खळ काढली, फोटोभोवती दोन बोटं जागा सोडली आणि धावदोरा चेहऱ्याच्या कडेनं फिरवला, चेहऱ्यातून नाही. एक चौकोन धुऊन बघितला आणि मगच बाकीचे छापले. पायाच्या प्रश्नाचीही तोड निघाली. सगळे चेहरे उशाकडच्या अर्ध्या भागात घेतले आणि पायथ्याला साध्या चिंध्या जोडल्या.

पंधरा चौकोन भरले. सोळावा आक्कांच्या आईचा होता. आक्का सहा वर्षांच्या असताना त्या वारल्या. फोटो नाही, ओळखपत्र नाही, काही नाही. धाकटी लेक म्हणाली, "तिथं फूल छापू." थोरली म्हणाली, "मोबाईलवर आईच्या तोंडावरून आजीचं तोंड तयार करून मिळतं." आक्कांनी दोन्हीला नको म्हटलं. माळ्यावरची माहेरची जुनी वाकळ खाली काढायला लावली आणि आम्हाला म्हणाल्या, "उसवा."

वरचा थर गिरणीच्या साडीचा होता. त्याखाली धोतर. त्याखाली आणखी एक लुगडं, आणि सगळ्यात आत इरकली लुगड्याचा तुकडा, रंग गेलेला, काठ मात्र शाबूत. त्याला एका जागी आडवा दंड घातला होता, टाके बारीक आणि जरा तिरके. आक्कांनी दंडावर बोट ठेवलं. "हे तिचं. ती डावरी हुती."

सोळाव्या चौकोनात तो तुकडा बसला, दंडासकट.

अमेरिकेत एड्सनं गेलेल्या माणसांसाठी अशीच एक गोधडी झाली. ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनच्या मैदानात तिचे १,९२० तुकडे अंथरले होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. त्या गोधडीत कुठं फोटो आहेत, तर कुठं त्या माणसाचे कपडेच जोडलेत. जगाच्या त्या टोकालाही कापडाला चेहऱ्याइतकाच मान मिळाला.

आपल्या मंगळवेढ्याला तर हे नवं नाही. १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, असं परंपरा सांगते. नामदेव अस्थी न्यायला आले. ओळखायच्या कशा? ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं, ती चोखोबांची. चेहरा उरला नव्हता, तरी माणूस ओळखू आला.

मैत्रिणींनो, फोटो जरूर छापा. ज्यांचा छापाल त्यांना आधी विचारा आणि प्रत्येक चौकोनाच्या मागं दोऱ्यानं नाव घाला. पण त्याआधी एक काम करा. घरातली जुनी वाकळ म्हातारीपुढं पसरा आणि कोणतं लुगडं कुणाचं, ते तिच्याकडून लिहून घ्या. आणि जुनी लुगडी बोहारणीला देऊन पातेलं घ्यायच्या आधी तिला एकदा विचारा.